ज्याला आलं, त्यानं मारायचं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला मी जायलाच नको होतं. पण गेले, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या आमच्या सातवीच्या वर्गात एकटीच जाऊन उभी राहिले. बाक बदललेत, फळा हिरवा झालाय, खिडकीला जाळी आलीय. वास मात्र तोच. शेजारच्या सायझिंग कारखान्यात सुताला चढवायची खळ शिजते, तिचा आंबूस, चिकट वास. आमच्या लहानपणी तो डब्यातल्या भाजीला लागायचा, न वाळलेल्या युनिफॉर्मला लागायचा, वहीच्या पानांनाही लागायचा. शाळेच्या वासानं लोकांना म्हणे भरून येतं. मी नाकाला रुमाल लावला.

खाली मंडपात कुणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं. मी खिडकीपासच्या शेवटच्या बाकावर बसले. या जागेवर मी विद्यार्थिनी म्हणून कधीच बसले नव्हते. ही ताईची जागा.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सुजाता. माझ्याहून दीड वर्षानं मोठी. चौथीत ती नापास झाली आणि तेव्हापासून आम्ही दोघी एकाच वर्गात आलो. ती उंच म्हणून मागे, मी बुटकी म्हणून पुढे. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. भिवंडीत तेव्हा दिवसरात्र कापडाचे लूम चालायचे. घरात बोलताना आम्ही सगळेच जरा ओरडून बोलायचो आणि बाहेरगावी गेलो की लोक विचारायचे, भांडताय का म्हणून. त्या खडखडाटात ताईचा कान इतका तिखट होता, की नाक्यावर उभं राहून ती सांगायची, "आज चार लूम बंद हायत." आम्ही पळत जाऊन दारातून डोकावायचो. चार बंद असायचे.

सुट्टीत आम्ही अंजूरला मामाकडे जायचो. खाडीच्या कडेला चिखलात चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असायची. ताई नुसतं बघून ओळखायची, कुठल्या बिळात चिंबोरी आहे आणि कुठलं रिकामं. खांद्यापर्यंत हात आत घालायची. मामा म्हणायचा, "ही पोर भ्यायची न्हाय कुनाला. हिचं बरं होनार." चिखल वाळला की तिच्या हातावर त्याच्या राखाडी खपल्या पडायच्या आणि त्या उकलून काढायला तिला फार आवडायचं. संध्याकाळी मामी चुलीवर चिंबोऱ्यांचं कालवण करायची, आणि सर्वांत मोठा डेंगा, चिंबोरीची मांसल नांगी, ताईच्या ताटात पडायचा. मला राग यायचा. मला वाटायचं, पहिला नंबर माझा येतो, डेंगा हिला कशाला?

विहारात दर रविवारी वंदना असायची. ताईला ती अख्खी तोंडपाठ. आवाज गोड म्हणून तिलाच पुढे उभं करायचे. हातात पुस्तिका धरून ती म्हणायची, पान मात्र भलतंच उघडलेलं. हे फक्त मला माहीत होतं.

कारण छापलेलं पान समोर आलं की ताईचं सगळं बळ जायचं. घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, तिला सगळी सारखीच. एक ओळ वाचता वाचता ती खालच्या ओळीत घसरायची. 'कमळ'चं 'मकळ' व्हायचं. आईला ती सांगायची, "आई, अक्षरं जाग्यावर राहत नाहीत गं." आईनं डोळे तपासून आणले. डोळ्यांत दोष निघाला नाही, आणि त्या दिवसापासून ताईला कुठलीच सबब उरली नाही.

आमचे बाबा पोस्टमन. लूमवर काम करायला आलेल्या माणसांची गावाकडून आलेली पत्रं ते त्यांना वाचून दाखवायचे, उत्तरंही लिहून द्यायचे. हिंदी, मराठी, थोडं उर्दूही त्यांना उमजायचं. आमच्या घरात भिंतीवर एकच तसबीर होती, हातात पुस्तक घेतलेल्या माणसाची. बाबा सांगायचे, तुमच्या पणजोबांना अक्षराच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. अशा घरात वाचता न येणं हा आजार नव्हता, बेइमानी होती. बाबांनी ताईवर हात कधी उचलला नाही. ते फक्त तिचं प्रगतिपुस्तक बघून तसबिरीकडे बघायचे. त्यापेक्षा दोन रट्टे परवडले असते.

आईचे उपाय वेगळे. वेखंड उगाळून जिभेला लावलं, डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापलं. कुणीतरी सांगितलं, पोरीच्या डोक्यात थंडी बसलीय, अकलोलीच्या गरम कुंडात पाच रविवार आंघोळ घाला. बाबांना असलं काही चालत नसे, म्हणून आम्ही अंजूरला जातो असं सांगून अकलोलीला जायचो. त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. आई ताईची मान धरून तिला त्यात बुडवायची आणि म्हणायची, "डोळं मिट, आनी मनात म्हन, मला येनार, मला येनार." ताई लालबुंद होऊन बाहेर यायची. सोमवारी वर्गात तिच्या केसांना तो वास यायचा, मुलं नाकाला रुमाल लावायची. मीही लावायचे. तिच्याच घरातली, तिच्याच फणीनं केस विंचरणारी मी, मीही लावायचे.

आता सरांबद्दल. मराठी शिकवायचे ते. त्यांचं नाव लिहायची माझी इच्छा नाही. तपकीर ओढायचे. तपकिरीनं पिवळाचॉकलेटी झालेला रुमाल ते टेबलावर पसरून ठेवायचे आणि त्याच रुमालानं फळाही पुसायचे. त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ते एकाला उभं करून धडा वाचायला सांगत. तो अडला की त्यानं तसंच उभं राहायचं, मग दुसरा, मग तिसरा. जो न अडता वाचील त्यानं उभ्या असलेल्या सगळ्यांच्या थोबाडीत एकेक द्यायची. ज्याला आलं, त्यानं मारायचं. याला सर 'प्रसाद वाटणं' म्हणायचे. स्वतःचा हात ते क्वचितच वापरत.

न अडता वाचणारी बहुतेक वेळा मी असायचे. अडणाऱ्यांत ताई रोज.

पहिल्यांदा मी तिच्या गालाला नुसता हात लावला. सरांनी मला जवळ बोलावलं. "गाल कुरवाळतेस होय? अशी मारतात," म्हणाले, आणि मला दाखवलं. माझ्या कानात शिट्टी वाजली. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आधीच त्यांनी मला परत मागे पाठवलं. मग मी मारली. जोरात मारली. वर्ग हसला, सर "शाब्बास" म्हणाले, आणि मला बरं वाटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. पुढे पुढे तर मी वाट बघायचे. धडा वाचताना शेवटची ओळ आली की माझा तळहात आधीच शिवशिवायला लागायचा. बाकीच्यांना मी अंदाजानं मारायचे. ताईला नेम धरून. चिंबोरीचा डेंगा मला आठवायचा की काय कोण जाणे. नंतर माझ्या हाताला तिच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. मी तो नळाखाली धुवायचे आणि डबा खायचे.

एकदा माझं बोट तिच्या कानातल्या रिंगेत अडकलं. माझं नख तुटलं, तिचा कान थोडा फाटला. त्यानंतर मी ताईच्या पुढ्यात आले की ती आधी डाव्या कानातली रिंग काढायची, मुठीत धरायची, गाल पुढे करायची आणि डोळे मिटायची. शांतपणे, रांगेत रेशनकार्ड पुढे करावं तसं. शाळा सुटली की रिंग परत घालायची आणि आम्ही घरी जायचो. मी दहा पावलं पुढे, ती मागे. घरी दोघींनीही कधी तोंड उघडलं नाही.

सातवीत असताना बाबांच्या टपालाच्या थैलीत एक रजिस्टर पार्सल आलं, मोहल्ल्यातल्या एका लूमवाल्यांच्या घरचं. ते कोकणी मुसलमान, पिढ्यान्पिढ्या भिवंडीतले. पार्सल त्यांच्या सुनेचं होतं, नफिसा आपांचं. सही करताना त्यांनी खोकं तिथंच उघडलं. आत लाकडी अक्षरं. बाबांनी विचारलं, "घरात लहान बाळ आहे वाटतं?"

"बाळ नाही हो. मोठी मुलं आहेत," आपा म्हणाल्या. लग्नाआधी त्या मुंबईत एका शाळेत होत्या, वाचता न येणाऱ्या मुलांना शिकवायच्या. त्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं. आता इथं दुपारी वरच्या खोलीत चारपाच मुलं यायची.

बाबांनी पावतीपुस्तक थैलीत ठेवलं. मग म्हणाले, "माझी थोरली ढ आहे."

"बोलते नीट? ऐकते? हुशारीनं कामं करते? फक्त वाचता येत नाही?" आपांनी चारच प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "पोस्टमनभाऊ, ती ढ नाही. उद्या घेऊन या."

आपांनी त्याला सांगितलेलं नाव बाबांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून आणलं. डिस्लेक्सिया. घरात कुणालाच ते धड म्हणता येईना. आई शेवटपर्यंत 'ते आपानं सांगितलेलं' असंच म्हणायची. शेजारी कुजबुजले, चौऱ्याऐंशीच्या दंग्याला फार दिवस झाले नाहीत, पोरींना त्या मोहल्ल्यात कशाला धाडता? बाबा म्हणाले, "मी रोज तिथंच जातो. मला कुणी खाल्लं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खाली लूम, वर खोली. जमीन पायाखाली सारखी थरथरत होती. मशीनच्या तेलाचा वास, आणि आतून कुठून तरी तळलेल्या माशांचा. आपा तिशीच्या असतील. डोळ्यांना जाड चष्मा, ओढणीला जागोजाग खडूची पूड. "बस बेटा," म्हणाल्या. ताई त्यांच्यासमोर बसली. फडताळावरचं खोकं काढायला आपांनी हात वर केला.

ताईनं चटकन डाव्या कानातली रिंग काढली, मुठीत धरली, गाल पुढे केला आणि डोळे मिटले.

आपांचा हात वरच राहिला. "ये क्या कर रही है, बेटा?"

ताईनं डोळे उघडले. तिच्या लक्षात आलं तशी ती ओशाळली. "काही नाही," म्हणाली.

मग आपांनी माझ्याकडे बघितलं. मी हुशार मुलगी. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय होती. मी सांगितलं, "वाचता आलं नाही की मार मिळतो. रिंग काढली नाही तर हाताला लागतं."

"कुणाच्या हाताला?"

"माझ्या."

बाबा दारात उभे होते, खांद्याला थैली. त्या एका शब्दानंतर मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. परत येताना त्यांनी सायकल हातात धरून चालवत आणली. ताई मात्र माझ्या शेजारून चालत होती. मला त्याचीही चीड आली.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेले. वाटलं, आता सरांची कॉलर धरतील. कसली कॉलर अन् कसलं काय. खाकी कपड्यातले माझे बाबा सरांपुढे हात जोडून उभे राहिले. सर म्हणाले, "अहो, धाकटीनं तुमचं नाव काढलंय, त्याचा आनंद माना. थोरलीला नको म्हणता? नाही विचारत तिला, संपलं." आणि त्यांनी शब्द पाळला. ताईला खिडकीपासच्या शेवटच्या बाकावर बसवलं आणि तिथून पुढे तिला काहीच विचारलं नाही. हजेरी घेतानाही तिचं नाव आलं की ते तपकिरीची चिमूट उचलायचे आणि पुढच्या नावावर जायचे. मार थांबला, आणि वर्गातून ताईच नाहीशी झाली. बाबा मात्र घरी म्हणाले, सर चांगले आहेत, ऐकलं माझं. त्या क्षणी मला बाबांचीही किळस आली. ते आता नाहीत, तरी हे खोडायला माझा हात होत नाही.

आपांकडे मात्र ताई होती. पहिला महिनाभर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. परातीत बारीक वाळू, तीत बोटानं अक्षर गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज मोठ्यानं काढायचा. मग आपांनी लूमवरचं टाकाऊ सूत घेतलं, खळ लावून ते पुठ्ठ्यावर अक्षरांच्या आकारात चिकटवलं. ताईनं डोळे मिटून ते चाचपायचं आणि ओळखायचं. तिची बोटं तर चिंबोरीचं बीळ ओळखणारी. आठवड्याभरात ती नुसत्या स्पर्शानं घ आणि ध वेगळे करायला लागली. कान तिखट म्हणून शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून पाडायचे. पुठ्ठ्याला एक लहान खिडकी कापली होती. ती पानावर ठेवली की एकच शब्द दिसायचा, बाकीचे झाकलेले. "बाकीच्यांना सांग, थांबा रे, माझं एकाशी बोलणं चाललंय," आपा म्हणायच्या. ताई खरंच तसं म्हणायची, आणि हसायची. घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

आपांच्या खोलीत एकच गोष्ट मना होती. कुणी अडलं तर दुसऱ्यानं शब्द सांगायचा नाही. वाट बघायची. मला ते जमायचं नाही, जीभ वळवळायची. एके दिवशी आपांनी माझ्या हातात एक कागद दिला. "तू फर्स्ट येतेस ना? वाच. एक मिनिटात." त्यावर चार ओळी होत्या, अक्षरं उलटी, काही आरशातली, वरच्या रेघा पुसलेल्या, शब्द एकमेकांत घुसलेले. समोर घड्याळ ठेवलं. मुलं गोल करून बसली. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दावर अडले. पुन्हा अडले. "जल्दी, बेटा, जल्दी," आपा म्हणत होत्या. "एवढं सोपं येत नाही? लक्ष कुठंय?" मिनिट संपलं तेव्हा मी रडत होते.

आपांनी ताईला विचारलं, "सुजाता, ही चुकली. आता काय करायचं?"

मी गाल आवळून धरला होता. ताई उठली, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तिनं आपलं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. "सावकाश," म्हणाली. "मी हाय ना."

शाळेतला गुळगुळीत उच्चार सोडून, मामाच्या बोलीत म्हणाली. मी तो कागद वाचला की नाही, मला आठवत नाही. तिच्या नखातली वाळू आठवते.

त्यानंतरचा पावसाळा गेला, थंडी गेली. फेब्रुवारीत असेल, आम्ही दोघी आईबरोबर बाजारातून येत होतो. ताई एका भिंतीपुढे एकदम थांबली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी रंगवलेलं, आणि त्यावर माणसाच्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या. काही ताज्या, ओघळ अजून खाली येत असलेले. ताईनं दोन्ही हातांची खिडकी करून डोळ्यांपुढे धरली. "ये... थे," म्हणाली. लोक बाजूनं जात होते, एक हातगाडीवाला ओरडत होता, "ओ ताई, बाजू हो!" ती हलली नाही. "थुं... कू." पाच मिनिटं लागली असतील. "न... ये. येथे थुंकू नये!" एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पलीकडे पिचकारी मारायच्या बेतात असलेला एक माणूस तोंड मिटून निघून गेला. आई हसायला लागली आणि हसता हसता तिथंच पदरानं डोळे पुसू लागली. आमच्या घरातल्या थोरल्या मुलीनं आयुष्यात आपणहून वाचलेलं पहिलं वाक्य हे. त्या घाण भिंतीएवढी सुंदर जागा मी भिवंडीत पाहिलेली नाही.

ताई दहावीला दोनदा बसली आणि दोन्हीदा मराठीतच गेली. पेपर अर्धा सोडवून व्हायचा आणि घंटा वाजायची. तिसऱ्यांदा पास झाली. पुढे काही वर्षांनी अशा मुलांना परीक्षेत जास्त वेळ मिळू लागला, लेखनिक मिळू लागला. तोवर ताईचं जवळच्या कोन गावात लग्न झालं होतं. आपा नव्वदच्या दशकात कधीतरी परत मुंबईला गेल्या. त्यांच्या खोलीच्या जागी आता गोडाऊन आहे, खोक्यांवर खोकी. ताई शिवणकाम करते, कल्याण रोडवरच्या एका कारखान्यात कटिंगला आहे. तिथं तिच्या हाताखाली बारा बायका आहेत. पेपर अजून बोट लावून वाचते, पहिल्या पानालाच अर्धा तास लागतो. पण वाचते.

मंडपातून माझं नाव पुकारलं तेव्हा मी त्या बाकावरून उठले.

सर व्हीलचेअरवर होते. नव्वदीला आलेले, गळ्यात हारांचा ढीग. माजी विद्यार्थी एकामागून एक बोलत होते. "सरांच्या मारानं आम्ही घडलो!" टाळ्या. "आजची मुलं बघा, हात लावायची सोय नाही!" जास्त टाळ्या. आमच्याच वर्गातला एक, आता ट्रान्सपोर्टचा मोठा धंदा, स्टेजवर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "सर, आज एक प्रसाद पाहिजे!" सरांनी थरथरता हात त्याच्या गालावर आपटला. मंडप खदखदून हसला, फोटो निघाले. वर्गातली ती चाळीस पोरं म्हातारी होऊन पुन्हा तीच हसत होती.

मी ठरवून गेले होते. रिक्षात बसून वाक्य घोकलं होतं, माईकवर सगळ्यांसमोर विचारायचं: सर, सुजाता आठवते का? शाल घेऊन मी त्यांच्यापुढे गेले. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "तू वाचायचीस ना गं? खणखणीत!" म्हणाले. आणि मी वाकले. पाया पडले. बारा वर्षांची मी 'शाब्बास' ऐकून फुलायचे, तशीच फुलले. त्यांच्या रुमालाला अजून तपकिरीचा वास होता.

आणखी एक गोष्ट राहिली, ती सांगायची टाळत होते. महोत्सवाची स्मरणिका महिनाभर आधीच निघाली. त्यात माझा लेख आहे. समितीनं मागितला, मी दिला. चार पानं. शाळेचा जिना, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, खळीचा वास, सरांचं शिकवणं, त्यांचा धाक. 'प्रसाद' हा शब्दही आहे, गमतीनं. लोकांनी फोन करकरून कौतुक केलं. लिहिताना एकदा मनात आलं होतं, ताईनं हे वाचलं तर? आणि दुसऱ्या क्षणी मी स्वतःशी म्हटलं, एवढं लांबलचक ती कुठली वाचतेय. आपांच्या खोलीत पाच वर्षं जाऊन आलेली मी. माझ्यापेक्षा सर परवडले.

कार्यक्रमातून निघाले ती थेट कोनला गेले. ताई नुकतीच ड्युटीवरून आली होती, पाय पसरून बसली होती. कार्यक्रमाला का नाही आलीस, असं मी विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. समोर टीपॉयवर स्मरणिका पडली होती. समितीनं ती सगळ्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी पोचवली होती. ताईसुद्धा माजी विद्यार्थिनी आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुझं आलंय त्यात," ती म्हणाली.

"अगं, उगाच काहीतरी. त्यांनी मागितलं म्हणून."

"वाचलं मी."

तिनं स्मरणिका उचलली, माझा लेख काढला. पानांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या, प्रत्येक ओळीखाली नखाची बारीक खूण होती. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दोन दिवस लागले," ती म्हणाली. "पहिल्या पानावर मी न्हवते. वाटलं, दुसऱ्यावर येन. मग वाटलं, तिसऱ्यावर. पार शेवटच्या वळीपर्यंत वाटत व्हतं गं, आता पुढं मी येनार."